दुसरा ब्रेक

बाबांनी दप्तराचा वरचा पट्टा धरून खस्सकन मागे ओढलं, तशी भिंगरी दोन पावलं उलटी फुटपाथवर आली.

"आरसा," बाबा म्हणाले.

"मला आरसे नाहीत, बाबा. मी मोटार नाही."

"मान आहे ना? ती वळव. आधी इकडे, मग तिकडे, मग पाऊल. चाक असो की पाय, नियम एकच."

रविवारची सकाळ होती आणि रस्त्यावर चिटपाखरूही नव्हतं. एक कुत्रं मात्र भर रस्त्यात चारी पाय ताणून झोपलं होतं. त्याला कुणी आरसा विचारत नव्हतं. भिंगरीला त्या कुत्र्याचा मनापासून हेवा वाटला.

उद्या तिचं हायस्कूल सुरू होणार होतं आणि आज त्याची रंगीत तालीम चालली होती. पुढे ती, तिच्यापासून अर्ध्या पावलावर बाबा आणि मागे पाण्याची बाटली घेऊन आई. दप्तरात रद्दीची वर्तमानपत्रं ठासून भरलेली. उद्या पुस्तकांचं ओझं जाणवू नये म्हणून खांद्यांना आजपासूनच सवय. ही कल्पनाही बाबांचीच. जुनी शाळा गल्लीच्या टोकाला होती. घंटा ऐकून घरातून पळत सुटलं तरी चालायचं. नवं हायस्कूल दोन हमरस्त्यांपलीकडे होतं. एवढ्यावरून घरात अशी धांदल उडाली होती, जणू ती समुद्र ओलांडून निघाली होती.

"हे मोठं फाटक," बाबांनी हात लांब करून दाखवलं. "उद्या इथूनच आत शिरायचं. इकडेतिकडे बघत रेंगाळायचं नाही."

फाटकाला कुलूप होतं. आत मैदानावर मोठी मुलं चेंडू टोलवत होती. त्यांतल्या एकानं हातवारे करणारे बाबा, बाटलीवाली आई आणि पाठीवर डोंगर घेतलेली भिंगरी असा सगळा देखावा नीट पाहून घेतला आणि शेजारच्याला कोपरानं ढोसलं.

भिंगरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाबा लोकांना गाडी चालवायला शिकवत. त्यांच्या छोट्या पांढऱ्या गाडीच्या टपावर 'ड्रायव्हिंग स्कूल' असा पिवळा फलक होता आणि आत शेजारच्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक होते. शिकाऊ माणूस चुकला की मास्तरांनी पाय दाबायचा आणि गाडी थांबवायची. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे तो पाय बाबांच्या ताब्यात राहिला नव्हता. टीव्हीवर एखादी मोटार वळली तरी सोफ्यासमोरच्या फरशीवर बाबांचा उजवा पाय करकचून दाबला जाई. आई जिना भरभर उतरू लागली की वरच्या पायरीवर उभ्या उभ्या ते ब्रेक लावत. पाहुण्यांना याची फार गंमत वाटायची. पाहुण्यांचं काय जातंय? ते दोन दिवस राहून घरी जातात.

आणि ही गंमत तिच्या बोडक्यावर कधीपासून बसली होती! हायस्कूलचं नाव निघाल्यापासून जो तो येऊन सल्ले देत होता, आणि तेही तिच्या डोक्यावरून, थेट आईबाबांना. हिला लवकर झोपवा. हिला मोबाइल देऊ नका. हिच्या मैत्रिणी कोण ते बघा. जणू ती कुंडीतलं रोप होती आणि प्रश्न फक्त पाणी किती घालायचं एवढाच होता. गेल्याच आठवड्यात हायस्कूलनं नव्या मुलांच्या पालकांची सभा घेतली होती. तिथे एका समुपदेशक बाईंनी फार गोड समजावलं, की मुलांना आता पुढे चालू द्या, तुम्ही त्यांच्या मागे उभे राहा.

सगळे पालक माना डोलावत होते. बाबांनी हात वर केला.

"किती अंतरावर?"

सभागृह खो-खो हसलं होतं. बाबा मात्र उत्तराची वाट बघत तसेच उभे राहिले होते.

दुपारी जेवताना बाबांनी शेवटची घोषणा केली.

"माझा सकाळचा पहिला तास मी मोकळा करून घेतलाय. रोज मीच सोडायला येणार. पहिले सहा महिने. मग बघू."

भिंगरीनं घास ताटात परत ठेवला.

"मी एकटी जाणार आहे."

"जाशील की. सहा महिन्यांनी."

"बाबा, तुमच्याकडं येतात ते लोक तरी एवढ्यात शिकून मोकळे होतात! ते साबणाच्या दुकानवाले आजोबा, त्यांना समोरचा खांब दिसत नव्हता, त्यांनासुद्धा तुम्ही सोडलंत रस्त्यावर. आणि मला? मला काय दिसत नाही? मी काय कुणाला ठोकलंय? फलक तेवढा लावायचा राहिलाय माझ्या डोक्यावर!"

"आवाज खाली."

"नाही होणार खाली! तुम्हाला सगळ्यांनाच थांबवायचं असतं. आईलासुद्धा. अर्ध्या गावाला गाडी शिकवलीत, मग आईला का नाही येत?"

आईला गाडी का येत नाही, ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. भिंगरी पाळण्यात होती तेव्हा बाबांनी आईला शिकवायला घेतलं. पहिल्याच दिवशी आई गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेली, घाबरली, गाडीतून उतरली आणि चालत घरी आली. ही गोष्ट बाबा रंगवून सांगत. आई चेहरा पुसून घेतल्यासारखी हसे आणि स्वयंपाकघरात जाई. औषधांच्या दुकानात दिवसभर काउंटर सांभाळणारी आई, डॉक्टरांची कोंबडीच्या पायासारखी अक्षरं एका नजरेत लावणारी आई, गाडीला घाबरली म्हणे.

"तिला भीती वाटते," बाबा नेहमीच्या सुरात म्हणाले. "तिलाच विचार."

आईनं पाण्याचा पेला भरला. काठोकाठ भरला, तरी ती ओतायची थांबली नाही. थोडं पाणी टेबलावर सांडलं.

"मी घाबरले नव्हते," ती म्हणाली.

बाबा हसायच्या तयारीत होते. ते तसेच राहिले.

"मी क्लच सोडला की तुम्ही ब्रेक दाबायचात. गाडी बंद पडायची. परत सोडला की परत दाबायचात. कोपऱ्यापर्यंत असंच. मग मी म्हटलं, ही दोन पायांवर चालते ती गाडी बरी. हिला तरी एकच ब्रेक आहे."

"अगं, पण हे तू इतकी वर्षं..."

"तुम्ही सगळ्यांना इतकं छान सांगत होतात. मध्येच कुठं बोलायचं?"

फडक्यानं टेबल पुसत आई पुढे बोलली, अगदी भाजी काय आणायची हे सांगावं तशी.

"तिला एकटीला जाऊ द्या. तुमचा तो मोकळा केलेला तास मला द्या."

"बरं. नाही येणार सोडायला," बाबा ताटाकडे बघत म्हणाले. तासालाही नाही म्हणाले नाहीत.

सोमवारी भिंगरी एकटी निघाली. रद्दी नाही, बाटलीवाली मिरवणूक नाही. पहिल्या हमरस्त्यावर तिनं मान वळवली, इकडे, मग तिकडे, आणि पलीकडे पोहोचल्यावर तिला स्वतःचाच इतका अभिमान वाटला की उगाचच तिनं एका दुकानदाराला हात केला. त्यानंही गोंधळून हात केला.

दुसऱ्या रस्त्यावर मात्र कालची तालीम कुचकामी ठरली. रविवारचा तो ओस पडलेला रस्ता हा नव्हताच. मालाचे टेम्पो दुतर्फा उभे होते, मुलांचे लोंढे होते, आणि मोठ्या फाटकातून नुसत्या गाड्या आतबाहेर करत होत्या. फाटकावरचा शिपाई पायी येणाऱ्या प्रत्येकाला हुसकावून लावत होता. बाबांचा धडा डोक्यात ठेवून ती तिथेच अडून राहिली असती, तर वर्गात जायला दुपार झाली असती. तिनं क्षणभर थांबून लोंढा कुठे वळतोय ते पाहिलं. भिंतीच्या पुढच्या कोपऱ्याला एक लहान फाटक होतं. ती तिकडे चालू लागली. कुणी दाखवलं नव्हतं, कुणी ओढलं नव्हतं. तिच्या अंगात असं वारं भरलं होतं, की दप्तरासकट ती उडालीच असती.

तेवढ्यात मागून हॉर्न सुरू झाले. आधी एक, मग चार, मग सगळेच.

"अगं ते बघ, शिकाऊ गाडी बंद पडली!" शेजारून चालणारी एक मोठी वेणीवाली मुलगी म्हणाली. "आजच्याच दिवशी बरी सुचली यांना!"

भिंगरीनं वळून पाहिलं. पांढरी गाडी. टपावर पिवळा फलक. दारावर बाबांचा फोन नंबर, हातभर मोठ्या आकड्यांत.

तिला आधी रडू येईल असं वाटलं, पण आला तो संतापच. काल कबूल केलं होतं! सोडायला येणार नाही म्हणाले होते, आणि हे बघा, सुरक्षित अंतर ठेवून मागे हजर. सगळं हायस्कूल बघतंय. आता आत शिरावं, मान खाली घालावी, ही गाडी कुणाची ते मला माहीत नाही म्हणावं. फाटक चार पावलांवर तर होतं.

गाडी सुरू झाली, हातभर सरकली, नाक खाली घालून गपकन थांबली. परत सुरू झाली. परत नाक खाली. मागचा टेम्पोवाला खिडकीतून अर्धा बाहेर आला.

"ओ बाई, जमत नसेल तर घरी बसा ना!"

भिंगरी गर्रकन वळली. हात उंच करून तिनं टेम्पोवाल्याला जागच्या जागी थांबवलं आणि सरळ रस्त्यात उतरून गाडीशी गेली. स्टिअरिंगवर आई होती. कपाळावर घाम, बोटं पांढरी पडलेली, पण नजर समोर. शेजारी बाबा.

"तुम्ही कबूल केलं होतं!"

"मी सोडायला कुठं आलोय?" बाबा म्हणाले. "मी माझा तास घेतोय."

"या रस्त्यावर?"

"मी नव्हतो म्हणत. हीच म्हणाली, इकडून वळू या."

भिंगरीनं आईकडे पाहिलं. आई समोरच्या काचेतून फार दूरचं काहीतरी बघत होती.

मागे पुन्हा हॉर्न वाजला. भिंगरीनं खिडकीतून आत मान घातली. बाबांचा बूट त्यांच्या ब्रेकवर घट्ट बसला होता.

"पाय वर घ्या, बाबा."

"काय?"

"दोन्ही पाय वर. मांडी घाला सीटवर."

"वेडी आहेस का? मी शिकवणारा माणूस, असा मांडी घालून..."

"ती नाही गाडी बंद पाडत. तुम्ही पाडताय. सगळे तिला बोलतायत."

बाबांनी मागे पाहिलं. टेम्पोवाला अजून बडबडत होता. मग त्यांनी आईच्या बोटांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग वाकून एक बूट काढला, दुसरा काढला, आणि पट्टा सैल करत, कण्हत, सीटवर मांडी घातली. त्यांचे गुडघे आता कुठेच मावत नव्हते.

"आरसा," ते पुटपुटले.

"बघितला," आई म्हणाली.

भिंगरी फुटपाथवर परतली. गाडीला एक मोठा हिसका बसला, पिवळा फलक डुगडुगला, आणि गाडी निघाली. रखडत, मग जराशी सरळ, मग चक्क बऱ्यापैकी. मागच्या काचेतून बाबांचं डोकं दिसत होतं, छताला टेकायला आलेलं.

"ओळखीचे आहेत का गं तुझ्या?" वेणीवालीनं विचारलं.

"माझे आईबाबा आहेत," भिंगरी म्हणाली, आणि आपला आवाज ठणठणीत आला म्हणून तिला बरं वाटलं.

"मग चल ना. घंटा होईल."

पण पुढच्या वळणावर एक सायकलवाला बाजूच्या गल्लीतून बाहेर येत होता आणि पांढरी गाडी अजून हळू झाली नव्हती.

मग झाली. सायकलवाला निवांत निघून गेला. गाडी वळली आणि दिसेनाशी झाली.

"अगं, पायाला काय झालं? मुंग्या आल्या?"

भिंगरीनं खाली पाहिलं. नव्या बुटातला तिचा उजवा पाय पुढे सरकला होता आणि फुटपाथच्या फरशीवर करकचून दाबला गेला होता. तिनं तो सावकाश सैल केला, उचलला, आणि लहान फाटकाच्या आत टाकला.