मेमरी खाणारा मी नव्हतो

मित्रांनो, मी हिंगोलीतल्या एका खासगी रक्तपेढीचा जुना सर्व्हर आहे. कोणत्या गटाच्या किती पिशव्या शिल्लक आहेत, हे मी सहा वर्षं कळमनुरी, जवळा बाजारच्या दवाखान्यांना न चुकता सांगितलं. तेव्हा व्यवस्थापक पुनमचंदशेठ पाहुण्यांना माझ्यापाशी उभं करून फोटो काढत.

मग पिशव्यांच्या नोंदीचा नवा प्रोग्राम आला आणि मी रोज दुपार होता होता अडकू लागलो. शेठना उपाय एकच ठाऊक होता, मला बंद करून पुन्हा चालू करणं. "जुनं खटारं झालंय, मेमरी पुरत न्हाई," असं ते छातीठोकपणे सांगत. मेमरी म्हणजे काय, हे त्यांना कुणी विचारलं नाही, हे त्यांचं नशीब.

चौपट मेमरीचा नवा सर्व्हर आला आणि मी जिन्याखाली गेलो. चौथ्या दिवशी तोही अडकला. नेमक्या त्याच वेळी जिवनबाई नावाच्या एक बाई रक्त न्यायला खिडकीशी आल्या. त्यांच्या सुनेचं बाळंतपण अवघड झालं होतं.

"थांबा बाई, मशीन अडकून राहिली," शेठ म्हणाले.

"माझी सून तिकडं तडफडून राहिली, अन् तुमी मशीनकडं काहून पाहता? कपाट उघडा की!"

एवढी अक्कल त्या बाईला होती. शेवटी थंड कपाटातल्या एकेका पिशवीवरची चिठ्ठी वाचून हव्या त्या गटाचं रक्त मिळालं. सून वाचली, पण पाऊण तास वाया गेला.

दुसऱ्या दिवशी संगणक सांभाळणाऱ्या दीक्षाने मला बाहेर काढलं आणि तोच प्रोग्राम माझ्यावर चालवून पाहिला. दोष सापडला. कामाला मेमरी वाटून देणारा एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला ॲलोकेटर म्हणतात. आमचा ॲलोकेटर परत आलेल्या मेमरीचे बारीक तुकडे तसेच पडू देई आणि मोठं काम आलं की नवी मेमरी मागत असे; शेवटी मेमरी संपायची आणि यंत्र अडकायचं. दीक्षाने आणखी दोन ॲलोकेटर आणून त्यांना एकेक दिवस पूर्ण काम दिलं. एक फार वेगवान होता, पण घेतलेली मेमरी सोडेना. दुसरा जरा संथ होता; मात्र संध्याकाळी मेमरी सकाळएवढीच मोकळी होती.

"वेगवान घे, त्याचं नाव आहे!" शेठ म्हणाले.

"सर, आपल्याला शर्यत लावायची न्हाई. अडकायचं न्हाई, एवढंच पाहिजे," दीक्षा म्हणाली आणि तिने दुसरा निवडून नव्या सर्व्हरवर बसवला.

आता नवा सर्व्हर अडकत नाही. शेठ गावभर सांगतात, "मशीन बदलली, तकलीफ संपली."

मित्रांनो, यंत्र अडलं तर आधी कारण शोधा. ते जमत नसेल, तर निदान शोधणाऱ्याच्या वाटेतून बाजूला व्हा.