शकूचे आठ फोटो

मी शकूचा पासपोर्ट फोटो बोलतोय. आम्ही आठ भावंडं. नारायण पेठेतल्या स्टुडिओत, दहावीच्या फॉर्मसाठी, एकाच कागदावर जन्मलो. "हसू नको, फॉर्मला चालत नाही," फोटोवाला म्हणाला. शकूने ओठ दाबले, पण डोळे हसलेच.

फॉर्म भरायची वेळ आलीच नाही. खराडीत काम लावून देते म्हणून ओळखीची एक बाई शकूला धायरीहून घेऊन गेली. शकू खराडीला पोहोचलीच नाही. धाकट्या बहिणीने, शालूने, आमच्या आठही जणांच्या पाठीवर त्या बाईचं नाव आणि मोबाइल नंबर लिहिला.

मग दोघींची आई, तुळजाबाई, आम्हाला घेऊन निघाली.

"बाई, हे आमच्या हद्दीत येत नाही," पहिले साहेब म्हणाले.

"मग कुनाच्या हद्दीत येतंय?"

"ते बघावं लागेल. फोटो मात्र ठेवून जा."

"मागं त्या बाईचा नंबर हाय, साहेब."

"असू दे."

अशी आठ कार्यालयं झाली. प्रत्येकाने एक भावंड ठेवून घेतलं. एकमेकांबद्दल आदर इतका, की दुसऱ्याच्या फायलीत कुणी डोकावलं नाही.

सहा महिन्यांनी वरून पत्र आलं: मानवी तस्करी रोखण्यासाठी सर्व विभागांनी समन्वय साधावा. सभागृह ठरलं, बटाटेवडे ठरले. आठ फायली एका टेबलावर आल्या आणि आम्ही भावंडं भेटलो. अहवाल तयारच होता. बेपत्ता मुली: आठ.

श्रीनिवास नावाच्या कारकुनाने चष्मा पुसला. "साहेब, हे आठही फोटो एकाच मुलीचे आहेत."

साहेबांनी अहवाल पुढे ओढला. "मग सात कमी करा."

"कोणत्या रकान्यात दाखवू?"

"शोध लागला, त्यात. शोध आपणच लावला ना?"

आठपैकी सात. टाळ्या वाजल्या. माझी सात भावंडं रद्दीत गेली. मी तेवढा फायलीत उरलो, एका टाचणीवर.

तुळजाबाई दर सोमवारी येते. परवा तिला खिडकीतून सांगितलं, "बाई, धीर धरा. सात सापडल्या, आता एकच राहिलीय."

"माझी एकच व्हती, साहेब," ती म्हणाली.

टाचणी गंजत चालली आहे. शालूचं अक्षर मात्र अजून स्पष्ट आहे. तुम्ही कधी त्या टेबलापाशी गेलात, तर माझ्या चेहऱ्याकडे बघून हळहळू नका. मला फक्त उलटा करा.