टिनाच्या आडोशातली गाय

गोऱ्हा पुन्हा पडला. पुढचे पाय त्याने कसेबसे टेकले, पण मागचा भाग उचलेना. मांड्या थरथरल्या आणि तो मातीत आडवा झाला. सकाळी जन्मलेलं वासरू दुपार कलली तरी उभं राहत नाही, हे पाहून अंगणात जमलेली माणसं आधी वासराकडे आणि मग ठमाबाईकडे बघू लागली. त्या बघण्यात काय होतं ते ठमाबाईला लगेच कळलं.

ठमाबाई गावातली एक साधी विधवा. धानाच्या दिवसांत रोवणीला जायची, तेंदूच्या दिवसांत विडीची पानं तोडायला. पण कुणाच्या गोठ्यात गाय अडली की हाक तिलाच. वासराचा पाय उलटा आला तर तो सरळ करावा तिनेच. मोबदला म्हणाल तर वाटीभर चीक, तोही आग्रह केला तर. गावातले सगळे गोठे तिला माहेरासारखे मोकळे होते.

ही गाय भैयाजीची. भैयाजी शंकरपटातला, म्हणजे बैलांच्या शर्यतीतला, धुरकरी. दुसऱ्यांच्या जोड्या हाकून त्याने पुष्कळ पट मारले होते, पण स्वतःच्या दावणीला पटाचा बैल कधी आला नाही. म्हणून गेल्या पावसाळ्यात आटापिटा करून एका नामी खोंडाकडून त्याने गाय फळवून आणली. आणि इथेच शहाण्याने माती खाल्ली. पटाच्या जनावराला पोटातच नजर लागते म्हणतात, म्हणून चैत्रापासून त्याने गाय टिनाच्या ठेंगण्या छपरीत कोंडली आणि चारी बाजूंनी बांबूचे तट्टे लावले. ना कळपाबरोबर रान, ना बोडीच्या पाण्याकाठची सावली. ढेप, सरकी, कणीक सगळं जागेवर. उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, अख्खा नवतपा, गाय त्या भट्टीत धापा टाकत राहिली आणि हा बाहेर लिंबाखाली खाट टाकून राखण करत बसला.

तट्ट्याआड जायची फक्त त्याची बायको वच्छला. गाय चारा न खाता टाकू लागली तेव्हा तिने न राहवून एकदा ठमाबाईला नेऊन गायीचं पोट चाचपायला लावलं होतं. गावात असं काही लपून राहत नाही. जमलेल्यांत बापूरावही होता; दुसऱ्याच्या घरात नाक खुपसल्याशिवाय त्याला अन्न पचत नसे. त्याला ते आता बरोबर आठवलं.

"पोटात चांगलं लाता मारत होतं म्हणे," तो सावकाश म्हणाला. "ठमाबाई हात लावून गेली, अन् मंग हे असं."

दोन वर्षांपूर्वी नदीपलीकडच्या गावात करणी करते म्हणून एका म्हातारीचं असंच नाव घेतलं गेलं होतं. तिचं घर आता ओसाड आहे आणि ती कुठे गेली ते कुणी विचारत नाही. ठमाबाईच्या डोळ्यांसमोर ते घर उभं राहिलं. तिथून निघून जावं असं तिला वाटलं, पण निघून गेलं तर पळाली म्हणतील, हेही तिला कळत होतं.

तेवढ्यात ब्रह्मपुरीहून गुरांचे डॉक्टर फटफटीवर आले. वच्छलानेच सकाळी निरोप धाडला होता. त्यांनी वासराच्या मांड्या दाबून पाहिल्या, मग वाकून छपरीत शिरले आणि घाम पुसत बाहेर आले. गाय इथे कधीपासून बांधली आहे, असं त्यांनी विचारलं. भैयाजीने चैत्रापासून म्हणून सांगितलं.

"मग दुसरं काय होणार?" डॉक्टर म्हणाले. "गाय असल्या टिनाखाली तापली की तिचं रक्त अंग थंड करायला कातडीकडे धावतं. पोटातल्या जिवाला कमी पडतं. मांडीचं मांस तिथेच घडतं. त्याचे जेवढे धागे पोटात तयार होतील तेवढेच जन्मभर. पुढे खाऊ घालून ते जाड होतील, पण नवे येणार नाहीत."

वासरू जगेल, जपलं तर कामालाही येईल, पटाचं मात्र विसरा, असं सांगून एक सुई टोचून डॉक्टर गेले. फटफटीचा आवाज विरला. बापूरावाने तंबाखूची पिंक टाकली आणि टिनं तर गावात पुष्कळ घरी आहेत, असं पुटपुटला.

डॉक्टर पाहुणा माणूस. गावात शब्द चालणार होता तो भैयाजीचा. ठमाबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"भाऊ, तुमी सांगा या लोकाइले. काऊन झालं हे?"

भैयाजीने वासराकडे पाहिलं. या गोऱ्ह्यावर त्याने किती मनोरथ रचले होते ते त्याचं त्यालाच ठाऊक. ते आपल्याच हातांनी मोडले, हे चार माणसांत कबूल करायला छाती लागते. पटात धावत्या बैलांमागे उभा राहणारा हा गडी, पण ती छाती त्याला झाली नाही.

"झालं ते झालं," तो खाली मान घालून म्हणाला. "तुमी घरी जा, ठमाबाई."

वच्छला काही बोलायला पुढे झाली, तशी ठमाबाईने तिला नजरेनेच थांबवलं.

"जातो," ती म्हणाली. "याच्या पोटात दूध जाऊ दे."

तिने गोणपाट वासराच्या पोटाखालून घेतलं, त्याचा मागचा भाग तोलून धरला आणि तोंड आचळाला लावलं. गोऱ्हा चोखू लागला. त्याचं पोट भरेपर्यंत ती तशीच वाकून उभी होती. माणसं एकेक करून निघून गेली.

त्या आठवड्यातच भैयाजीने टिनं उतरवली, तट्टे जाळले. सगळ्या गावाने पाहिलं. बोलला मात्र तो कुणाजवळ काही नाही, आणि त्यानंतर ठमाबाईला कुठल्याच गोठ्यातून हाक आली नाही. तिला गावाबाहेर कुणी काढलं नाही, एवढंच.

पुढच्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तीच गाय पुन्हा अडली. या खेपेला ती आंब्याखाली मोकळ्या हवेत बांधलेली होती. वच्छला धावत येऊन ठमाबाईला घेऊन गेली. ठमाबाई आली, पण कुंपणाशीच थांबली. पाय कसा चाचपायचा, कळ आली की कुणीकडे ओढायचं, ते ती तिथूनच सांगत राहिली आणि वच्छला तसं करत गेली.

"ठमाबाई, अंदर या ना," भैयाजी म्हणाला.

"नाई भाऊ. इथूनच दिसून राह्यलं मले."

कालवड सुखरूप झाली. थोड्याच वेळात धडपडत चारी पायांवर उभी राहिली. ठमाबाईने ते कुंपणापलीकडून, दोन्ही हात पदराखाली घेऊन, पाहिलं आणि ती घराकडे वळली.