डोळ्यांखालचं काळं

टीव्हीच्या स्टुडिओत बडे पुढारी खुर्चीत येऊन बसले, तेव्हा मेकअपवाल्या बाईंनी सवयीने त्यांच्या डोळ्यांखाली क्रीम लावायला बोट पुढे केलं. पुढाऱ्यांनी हात मध्ये घातला.

"छे छे, ताई! उलट थोडं काळं करा. पूल कोसळल्यापासून तीन रात्री माझ्या डोळ्याला डोळा नाही, असं दिसलं पाहिजे."

गाल तर नुकतेच झोपून उठल्यासारखे टवटवीत! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच माणसाने मोठ्या थाटात त्या पुलाची फीत कापली होती, आणि त्याच पुलावरून बाईंचा धाकटा भाऊ कामावरून घरी येत होता. काल शवागारात जाऊन त्यांनी त्याला ओळखलं, ते फक्त हातातल्या घड्याळावरून.

"किती काळं करू?" त्यांनी दातओठ खात विचारलं.

"बेताचं. खरं वाटलं म्हणजे झालं."

बाईंनी ओला कापूस घेतला आणि सकाळी स्वतःच्याच डोळ्यांखाली थापलेला थर खसाखसा पुसून काढला.

"नीट बघा, साहेब. माझा सख्खा भाऊ होता त्या पुलावर. हे काळं माझ्या डब्यात मिळत नाही."

पुढारी पुढे झुकले, डोळे बारीक करून बघत राहिले आणि खूश होऊन म्हणाले, "हां! अगदी अस्संच पाहिजे."