सुकाणू मागे असतं

आमच्या बेटावर होडीत बायकांची जागा ठरलेली आहे: सगळ्यात पुढे, मांडीवर जेवणाचं पातेलं. सुकाणूशी पुरुष. सप्टेंबरच्या अखेरीस संत मिहोविलची जत्रा असते, तेव्हा अख्खं गाव असंच होड्यांत बसून उत्तर किनाऱ्यावरच्या चिमुकल्या चर्चला जातं. ज्याची होडी सगळ्यांत आधी लागेल, त्या सुकाणूवाल्याने घंटा वाजवायची. मग वर्षभर त्याबद्दल बोलायचं.

माझी बायको दोब्रिला शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाली. बेटाचा किनारा तिने गावातल्या दोन पिढ्यांकडून नकाशावर गिरवून घेतला, स्वतः मात्र तो पातेल्यावरून डोकावूनच पाहिला. यंदा तिने भाचीची दोन माणसांची कयाक मागून आणली आणि जाहीर केलं, की जत्रेला आपण हिच्यातून जायचं. भाची ऑक्टोबरात कयाकसकट आयर्लंडला चालली होती, तेव्हा यंदा नाही तर कधीच नाही. कयाकचं सुकाणू मागचा माणूस पायांनी फिरवतो. मागे कोण बसणार, हे ती बोलली नाही. मला फक्त पातेलं दाखवलं.

आमच्याकडे काहीही करायचं म्हणजे आधी बंदरावरच्या कॅफेत त्याचं नियोजन होतं. ते आम्ही फार मन लावून करतो. कित्येकदा त्यातच समाधान होतं आणि पुढचं करावं लागत नाही. अध्यक्षस्थानी कॅप्टन लुयो, जन्मभर तेलाची जहाजं चालवलेला माणूस. त्याने कॉफीच्या कपांची भूशिरं केली, साखरेच्या पुड्यांचे खडक मांडले आणि कयाक म्हणून एक टूथपिक घेऊन ती किनाऱ्यापासून मैलभर समुद्रात घातली. जहाज थांबवायला जागा लागते, असं त्याचं म्हणणं. दोब्रिलाने विचारलं, कयाकला किती लागते? कॅप्टनने बराच विचार करून सांगितलं, की ते मालाच्या वजनावर आहे. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

दोब्रिलाने टूथपिक उचलून कपांना अगदी चिकटवून ठेवली. "असं जायचं," ती म्हणाली. "भीती वाटली तर उतरून चालत येऊ."

त्या दिवशी गुरुवार होता. उत्तरेचा कोरडा वारा होता आणि आकाश घासूनपुसून ठेवल्यासारखं होतं. माझं ठरलं, असं सांगून ती उठली. नियोजन पुढे संध्याकाळपर्यंत चाललं.

जत्रेच्या सकाळी यूगो सुटला. यूगो म्हणजे दक्षिणेचा दमट, चिकट वारा. त्यात मीठ ओलं होतं, गुडघे धरतात आणि शहाणी माणसं भांडतात. म्हणून पूर्वजांपासूनचा नियम आहे, की यूगोत कुठलाही निर्णय घ्यायचा नाही. घेतलाच तर तो धरायचा नाही. त्या नियमावर आमच्याकडे बऱ्याच जणांचे संसार टिकलेत.

आम्ही कयाक घेऊन धक्क्यावर पोचलो, तेव्हा सगळे पुरुष होड्यांच्या दोऱ्या धरून उभे होते. दोरी सोडणं हा निर्णय झाला असता.

"बाई, आज नाही," कॅप्टन म्हणाला. "आम्ही ठरवलंय."

"कधी ठरवलंत?"

"हे काय, आत्ताच."

"यूगोत?"

कॅप्टनने टोपी काढून पुन्हा घातली.

"माझं गुरुवारी ठरलंय, कॅप्टन. कोरड्या हवेत. तुमच्यासमोर," दोब्रिला म्हणाली. मग तिचा आवाज वर्गातला झाला. "यूगो कुठून येतो?"

"दक्षिणेकडून," धक्क्यावरून एकसुरात उत्तर आलं. निम्मे तिचेच विद्यार्थी.

"चर्च कुठल्या किनाऱ्याला?"

"उत्तर."

"मध्ये काय आहे?"

"बेट," कॅप्टन हळूच म्हणाला.

ती मागे बसली. मी पुढे, ऑक्टोपसचं पातेलं घेऊन.

बंदराच्या टोकाचं भूशीर तेवढं यूगोच्या तोंडावर होतं. तिथे लाटा आडव्या आल्या, कयाक कलली आणि मी परत फिरण्याविषयी काही विचार मांडले. "तू ऑक्टोपस सांभाळ," मागून उत्तर आलं. वल्ह्याचे आणखी काही जोरकस मार, आणि एकदम सगळं शांत झालं. वारा डोंगरापलीकडे राहिला. पाणी इतकं नितळ, की तळाचे दगड मोजावेत. हाताने शिवता येईल इतक्या जवळून ती एकेका खाडीचं नाव मोठ्याने घेत होती, हजेरी घ्यावी तसं. आयुष्यभर नकाशावर दाखवलेलं सगळंच्या सगळं जागेवर हजर होतं.

गाव डोंगरावरच्या पायवाटेने आलं. घामाघूम, आणि बायकांच्या डोक्यावर पातेली. समुद्रातून आलेली होडी एकच होती. डॉन स्टिपे, आमचे पाद्री, सवयीने घंटेची दोरी घेऊन माझ्याकडे आले. माझे दोन्ही हात पातेल्याला.

"मी पुढे होतो," मी म्हणालो.

पाद्रीबाबांनी कॅप्टनकडे पाहिलं. कॅप्टनने डोंगराकडे पाहिलं. मग दोब्रिलानेच दोरी घेतली.

एरवी घंटा शिष्टाचारापुरती वाजते. त्या दिवशी ती वाजतच राहिली. कड्यावर चरणारे बोकड पळून गेले आणि पलीकडच्या बेटावरून कुणीतरी काय झालं विचारायला फोन केला. दोब्रिलाचे ओले केस कपाळाला चिकटले होते, आणि ती हसत होती.

कॅप्टनची बायको येर्का गर्दीतून पुढे आली. डोक्यावरचं पातेलं तिने उतरवलं, कॅप्टनच्या हातात दिलं आणि कयाकच्या मागच्या जागेवर बसून पाहिलं.

"पाय पुरतात," ती म्हणाली.