कोणत्या आस्थापनेवर?

"अहो, आमच्या वेबसाइटवर वसतिगृहाच्या जेवणाच्या वेळा कशा काय दिसतायत?" मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका फोनवर तापल्या होत्या. "पालक विचारतायत, शाळेत रात्रीचं जेवण सुरू झालं का म्हणून!"

"रेक्टरांनी चुकून 'सर्व साइट्स'वर टिक केलं असणार, मॅडम. काढते लगेच."

"मग ते टिक ठेवलंयच कशाला?"

हा प्रश्न मला आठवड्यातून तीनदा तरी ऐकावा लागतो. आमच्या ट्रस्टच्या अकरा संस्था, त्यांच्या अकरा वेबसाइट्स, पण आतली यंत्रणा एकच. एकदाच बसवलेली. एक सुधारणा केली की अकरा ठिकाणी होते, आणि एकानं घोळ घातला की तोही अकरा ठिकाणी दिसतो. निस्तरायला मी एकटी. मुख्याध्यापिकांना गुलाबी रंग हवा, नर्सिंगच्या प्राचार्यांना सरकणारी अक्षरं हवीत, आणि प्रत्येकाला वाटतं की मी फक्त त्याच्यासाठीच बसले आहे. बारा वर्षं समजावते आहे. माझं डोकं फुटायची वेळ आली, पण त्यांच्या डोक्यात काही शिरलं नाही.

शिरलं ते एकट्या टाकीवाल्या काकांच्या. अकराही इमारतींचे पंप, नळ, टाक्या तेच बघायचे. माझ्या खोलीबाहेरचा गळका नळ दुरुस्त करता करता एकदा म्हणाले, "म्हणजे टाकी एक आणि नळ अकरा. पाणी गढूळ आलं की शिव्या मात्र आपल्याला." ट्रस्टमध्ये दुसऱ्या कुणी मला आपल्यात धरल्याचं आठवत नाही.

त्या दिवशी मी जेवणाच्या वेळा काढत होते, तेवढ्यात त्यांची मुलगी दारात आली. डोळे सुजलेले.

"ताई, बाबा परवा गेले. झोपेतच."

मी खुर्ची पुढे केली.

"उद्या पाच वाजता शोकसभा ठेवलीय, घराजवळच्या हॉलमध्ये. वेबसाइटवर दोन ओळी येतील का? आई म्हणते, एवढ्या वर्षांत त्यांनी इतकी कामं केली, पण सभेला कुणी येणार नाही. कळणारच नाही ना कुणाला."

"येतील की दोन ओळी. न यायला काय झालं?"

म्हणून तर बसले, आणि मग आठवलं. आमच्याकडे माणूस ज्या संस्थेच्या आस्थापनेवर, म्हणजे जिच्या कर्मचारी यादीत, तिच्याच साइटवर शोकसूचना लागते. तसा नियमच आहे. मी फोन फिरवायला लागले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "वाईट झालं हो. पण ते आमच्या आस्थापनेवर नव्हते." नर्सिंगचे प्राचार्य म्हणाले, "आमच्याकडे रोज यायचे, नाही असं नाही. पण आस्थापना तांत्रिक विद्यालयाची असेल." तांत्रिक विद्यालयानं वसतिगृहाकडे बोट दाखवलं, वसतिगृहानं मुख्य कार्यालयाकडे. आणि मुख्य कार्यालयाला स्वतःची वेबसाइटच नाही! सचिवसाहेब म्हणाले, "नियमात बसत नाही. सोडून द्या."

ज्या माणसानं एकतीस वर्षं अकरा इमारतींना पाणी पोचवलं, त्याला दोन ओळींची जागा मिळेना. त्यात मुलगी समोरच बसून एकेक फोन ऐकत होती. शेवटी तीच उठली. "राहू दे ताई. तुम्हाला उगाच त्रास."

ती गेल्यावर मी फोटो शोधायला घेतला. साइट्सवरच्या हजारो फोटोंत काका एकाच ठिकाणी सापडले, नव्या टाकीच्या उद्घाटनात. पुढे फीत कापणारे पाहुणे, मागे कडेला काका, एक हात व्हॉल्व्हवर. पाहुण्यांना कापून टाकलं. खाली लिहिलं, 'आपल्या सर्व संस्थांचे टाकीवाले काका यांचे निधन झाले.' सभेची वेळ आणि पत्ता घातला, आणि 'सर्व साइट्स'वर टिक केलं.

दहा मिनिटांत फोन सुरू झाले.

"अहो, आमच्या साइटवर हे कोण?"

"तुमच्या नळाला पाणी यायचं ना मॅडम? ते सोडणारे."

सचिवसाहेबांनी समोर बोलावून घेतलं. "चूक झाली ना? तसं लिहून द्या, विषय संपला."

"चूक नाही, साहेब. मुद्दाम लावलंय. उद्या सभा झाली की काढते."

"आत्ताच्या आत्ता काढा."

"दुसऱ्या कुणाला काढता येत असेल, तर त्यांनी काढावं."

कुणालाच येत नव्हतं. बारा वर्षं सगळं माझ्या एकटीच्या गळ्यात, त्याचा पहिल्यांदाच काहीतरी उपयोग झाला.

दुसऱ्या दिवशी साडेचारला मुख्य कार्यालयातले लिपिक मेमो घेऊन आले. निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ. कागद पुढे न करता उभेच राहिले.

"एक अडलंय, मॅडम. तुमची आस्थापना कोणती लिहू? सकाळपासून फायली उपसतोय. अकराही याद्या बघितल्या. तुम्ही कुठेच सापडत नाही."

मला आधी हसू आलं. मग मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. नेमणूक एकाची, बसायला खोली दुसऱ्याची, काम अकरा जणांचं, आणि यादीत नाव एकाच्याही नाही.

"मोकळी सोडा ती जागा," मी म्हटलं.

"चालेल?"

"काकांचं चाललंच ना एकतीस वर्षं."

मी खाली सही केली. ते तरी दारात घुटमळत राहिले.

"तो हॉल नेमका कुठल्या बाजूला येतो? सूचनेत पत्ता वाचला, पण नीट ध्यानात नाही आला."

"मीही तिकडेच निघालेय. चला."

त्यांनी माझा मेमो घडी घालून खिशात ठेवला, माझ्यासाठी दार धरलं, आणि आम्ही दोघं निघालो.