डेलाइलाचं वासरू

हा देश घोड्यावरच्या माणसांनी उभा केला. बोस्टनकडचे लोक तसं छापतात, म्हणजे खरंच असणार. मीही घोड्यावर होतो, पण कळपाच्या मागं. त्यामुळं देश उभा राहताना मला काही दिसला नाही. मला गुरांची बुडं दिसली आणि वर धूळ. टेक्सासची बरीचशी जमीन मी नाकातोंडातून कोलोराडोला नेली. तिकडं ती कुणी माझ्या नावावर केली नाही.

आमचा मुकादम लेम्युएल प्रुइट. कळप हाकत होता तो, पण चालवत होती डेलाइला. लांब शिंगांची, गळ्यात घंटा बांधलेली म्हातारी गाय. ती चालली की हजारभर गुरं चालत. ती थांबली की मुकादमही थांबे.

वाटेत ती व्याली. दोन दिवसाचं वासरू कळपाबरोबर चालत नाही. त्याला गोळी घालायची रीत. पण आमचा स्वैपाकी सेवेरो, मेक्सिकोतल्या चिवावाचा, त्यानं वासरू पोत्यात घालून मुंडकं तेवढं बाहेर ठेवलं आणि आपल्या गाडीत टाकलं. आणखी एका गाईचं होतं, ते दुसऱ्या पोत्यात.

"पोतं ज्याचं त्याला," तो बजावायचा. "वास मिसळला की संपलं. बाई परकं पोर पदराखाली घील, गाय न्हाई घ्यायची."

पेकॉस नदीच्या अलीकडं पाणी संपलं. जमीन पांढरी पडलेली, वारा भट्टीतनं सुटल्यासारखा. गुरांच्या जिभा लोंबत होत्या, आमच्या आत चिकटल्या होत्या. नदी उद्यावर होती, मागं थेंब नव्हता. त्या सकाळी मुकादमानं घाई करून स्वतःच वासरं पोत्यात कोंबली.

"आरं, अदलाबदल झाली," सेवेरो म्हणाला.

"पोतं म्हंजे पोतं. त्येंची काय बारशी झाल्यात व्हय? हाण गाडी."

दिवस कलताना वासरं सोडली. डेलाइलानं आपलं वासरू हुंगलं आणि लाथ मारली. परत हुंगलं, परत लाथ. मग तिनं तोंड वर केलं, हंबरली, आणि आलेल्या वाटेनं माघारी निघाली. आपलं वासरू कालच्या मुक्कामावर राहिलं, असा तिचा हिशेब. घंटा मागं वाजू लागली, तसा बसलेला कळप एकेक करून उठला.

मुकादमानं पिस्तूल काढलं.

"कुणाला घालता?" सेवेरोनं विचारलं. "तिला घातली तर वाट कोण दावंल? तुमी बांधताय घंटा?"

मुकादमानं पिस्तूल खाली केलं. उद्या ह्या वेळी सगळी गुरं मागच्या माळावर आडवी असतील, हे त्याला दिसत होतं.

सेवेरो माझ्याकडं वळला. "ओरिन, सदरा काढ."

"कशापायी?"

"तुझ्याजवळ जेवाय कोण बसत न्हाई, ठावं हाय न्हवं? पुढची गुरं जे जे टाकत्यात, ते समदं तुझ्या अंगावर येतंय. तिचाबी वास आसंल त्यात."

मी सदरा काढला. म्हणजे सोलला. निघाल्यापासून तो पाण्याला लागला नव्हता. सेवेरोनं त्या सदऱ्यानं वासरू खसाखसा पुसलं, मग तोच त्याला घातला, बाह्या पुढच्या पायांत. मी त्याला उचलून डेलाइलाच्या वाटेत नेऊन उभं केलं.

तिनं कॉलरपासून शेपटापर्यंत हुंगलं. बराच वेळ घेतला. मग नाक फुरफुरलं आणि ती सदरा चाटायला लागली. वासरू खाली घुसलं. घंटा थांबली, कळप थांबला. दुसऱ्या गाईनं आपलं वासरू बिनतक्रार घेतलं. तिला फारशी मतं नव्हती.

दुसऱ्या दिवशी पेकॉस लागली. माझी उघडी पाठ तोवर भाजून निघाली होती.

"मुकादम," सेवेरो म्हणाला, "आता तरी ओरिनला म्होरं घ्या. धूळ लई खाल्ली त्यानं."

मुकादमानं विचार केला. "नगं. म्होरं घेतला तर त्याचा वास मागं समद्यांना यील."

पुढं डेन्व्हरच्या हॉटेलात मुकादम सांगत असे, की एका गोळीत त्यानं अख्खा कळप वळवला. लोक टाळ्या वाजवत. मीही वाजवल्या.

आता आमच्यासारख्यांचा पुतळा करताय म्हणे, घोड्याचे पुढचे पाय वर केलेला. करा. माझ्या आठवणी लिहून घ्यायला एवढ्या लांब आलात, बरं वाटलं. फक्त जाताना तेवढं दार लोटून घ्या. धूळ येते.